थ्रीएम, पीएफएएस आणि धंद्यातले ते चार टक्के

ही केस थ्रीएमची आहे. कंपनीचं नाव झाकण्यात काही अर्थ नाही कारण सगळं कोर्टाच्या कागदांत, सरकारी आदेशांत आणि कंपनीच्या स्वतःच्या निवेदनांत पडलेलं आहे. आतल्या शास्त्रज्ञांची आणि खालच्या लोकांची नावं मात्र मुद्दाम घेत नाहीये. मॅनेजमेंटच्या वर्गात थ्रीएम म्हटलं की पोस्ट-इटची गोष्ट सांगतात, चुकून बनलेला गोंद वगैरे, आणि ती ऐकून सगळे खूश होऊन घरी जातात. पण कारखान्यात, ईएचएसमध्ये (पर्यावरण, आरोग्य आणि सुरक्षा बघणारं खातं) किंवा लीगलमध्ये काम करणाऱ्यांनी वाचावी अशी याच कंपनीची गोष्ट वेगळी आहे. एकूण विक्रीच्या चार टक्क्यांपेक्षाही कमी असलेल्या एका केमिस्ट्रीनं, म्हणजे पीएफएएस नावाच्या फ्लोरिनवाल्या, सहजी न तुटणाऱ्या रसायनांच्या कुटुंबानं, हेल्थकेअरचा धंदा वेगळा काढायची वेळ आणली असं बरेच जण म्हणतात (कंपनी तसं म्हणत नाही), आणि साठहून जास्त वर्षं दरवर्षी वाढणारा डिव्हिडंड कापायला लावला.

माझं म्हणणं आधीच सांगतो म्हणजे पुढचं वाचताना डोक्यात राहील. दर वळणावर या कंपनीनं धोक्याचं माप विक्रीच्या टक्क्यांवरून काढलं. लहान धंदा म्हणजे लहान धोका. इथेच सगळं फसलं.

पार्श्वभूमी

कंपनी १९०२ ची, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातली. खाणकामासाठी काढलेली, खाण फसली, मग सँडपेपर, टेप असं करत करत हजारो प्रॉडक्ट्स. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी फ्लोरिनच्या केमिस्ट्रीत हात घातला. कार्बन आणि फ्लोरिनचा बंध इतका पक्का असतो की तेल, पाणी, उष्णता कशालाच तो दाद देत नाही, त्यामुळे वापरायला एकदम भारी माल. १९५३ मध्ये लॅबमध्ये असलं एक रसायन कोणाच्या तरी कॅनव्हासच्या बुटावर सांडलं आणि तो डाग धुताच येईना, उलट त्या जागी घाणही बसेना. त्यातून १९५६ ला स्कॉचगार्ड बाजारात आलं. टेफ्लॉन बनवायला लागणारं याच कुटुंबातलं पीएफओए थ्रीएम १९५१ पासून ड्युपाँटला विकत होती. साठच्या दशकात अमेरिकन नौदलाबरोबर तेलाची आग विझवणारा फोम तयार झाला, आणि मग तो विमानतळ, लष्करी तळ, फायर ब्रिगेडची ट्रेनिंग ग्राउंड असा सगळीकडे वर्षानुवर्षं ओतला गेला. हा फोम लक्षात ठेवा, पुढे सगळ्यात मोठं बिल त्याचंच आलं.

जो गुण विकायचा तोच दोष. बंध तुटत नाही म्हणजे जमिनीत तुटत नाही, पाण्यात तुटत नाही आणि रक्तातही तुटत नाही. १९७५ ला बाहेरच्या दोन शास्त्रज्ञांना ब्लड बँकेतल्या साध्या लोकांच्या रक्तात फ्लोरिनची संयुगं सापडली आणि त्यांनी कंपनीला फोन करून विचारलं की हे तुमचं तर नाही ना. पुढच्याच वर्षी कंपनीनं स्वतःच्या कामगारांचं रक्त तपासलं तर त्यात प्रमाण खूपच जास्त निघालं. १९७८ ला माकडांवर चाचणी झाली, त्यात जास्त डोस दिलेली माकडं मेली. हे सगळं नंतर मिनेसोटाच्या खटल्यात बाहेर आलं.

मग १९९७. कंपनीतल्याच एका तरुण केमिस्ट बाईंना कामगारांच्या रक्तातलं पीएफओएस, म्हणजे याच कुटुंबातलं आणखी एक रसायन, मोजायचं काम दिलं होतं, तुलनेसाठी ब्लड बँकेतलं 'स्वच्छ' रक्त मागवलं तर त्यातही पीएफओएस. त्यांना वाटलं मशीन बिघडलंय. मशीन बदललं, पद्धत बदलली, वेगवेगळ्या ठिकाणचं रक्त आणलं, उत्तर तेच. स्वच्छ रक्त मिळालं ते कोरियन युद्धाच्या वेळच्या सैनिकांचं, म्हणजे ही रसायनं बाजारात पसरण्याआधी साठवलेलं. १९९८ मध्ये कंपनीनं ईपीएला, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण खात्याला, कळवलं. सत्तरच्या दशकात कळलेलं सरकारला कळवायला वीसेक वर्षं लागली.

पहिलं वळण: २००० चा अर्धा निर्णय

मे २००० मध्ये ईपीएशी बोलणी झाल्यावर थ्रीएमनं जाहीर केलं की पीएफओएसवर चालणारी उत्पादनं आम्ही बंद करतोय. त्या वेळी कंपनीनं स्वतःच सांगितलेला आकडा असा की हा सगळा माल साधारण १,६०० कोटी डॉलरच्या वार्षिक विक्रीच्या २ टक्के आहे. पेपरात कौतुक झालं, आणि कंपनीतल्या बऱ्याच जणांना वाटलं असेल चला फाइल बंद.

पण बंद काय झालं ते नीट बघा. पीएफओएस आणि पीएफओए ही दोन लांब साखळीची रसायनं गेली. स्कॉचगार्ड परत आलं, चार कार्बनवाल्या छोट्या साखळीच्या रसायनावर. फ्लोरोपॉलिमर (टेफ्लॉनसारखं प्लास्टिक), इलेक्ट्रॉनिक्सची कूलंट, बाकीचं सगळं चालूच राहिलं. अलाबामातलं डिकेटर, इलिनॉयमधलं कॉर्डोव्हा, मिनेसोटातलं कॉटेज ग्रोव्ह, बेल्जियममधलं झ्वाइनड्रेख्त, जर्मनीतलं गेंडॉर्फ, प्लांट चालू. आणि आधीच जमिनीत गेलेलं तर होतंच तिथे. पूर्व मिनेसोटात कंपनीच्या जुन्या डंपिंगच्या जागांवरून ते भूजलात उतरून ओकडेल, वुडबरी, लेक एल्मो या गावांच्या विहिरींत पोचलं होतं.

त्या वेळी समोर तीन पर्याय होते असं मला वाटतं. एक, सगळी फ्लोरिन केमिस्ट्रीच तपासून हळूहळू बाहेर पडणं. दोन, फक्त बदनाम झालेली रसायनं काढून त्याच कुटुंबातली दुसरी आणणं. तीन, काही न करता लढणं. दुसरा निवडला. त्या काळच्या माहितीवर तो अगदीच मूर्खपणा होता असं मी म्हणणार नाही, छोट्या साखळीची रसायनं शरीरातून लवकर बाहेर पडतात हे खरं आहे. पण ती पर्यावरणात तितकीच टिकतात हेही तेव्हा माहीत होतं, बंध तोच आहे ना.

आणि इथेच नेतृत्वाचा भाग येतो. हा निर्णय डिसिमोन प्रमुख असताना झाला, सात-आठ महिन्यांत ते पायउतार झाले आणि जानेवारी २००१ ला जनरल इलेक्ट्रिकमधून मॅकनर्नी आले, थ्रीएमच्या इतिहासातले बाहेरून आलेले पहिले प्रमुख. त्यांचा सगळा भर सिक्स सिग्मावर (कामातल्या चुका मोजून कमी करायची पद्धत) आणि खर्चावर. २००५ ला ते बोइंगला गेले, मग बकली, २०१२ ला थुलिन, २०१८ ला माइक रोमन. प्रत्येक जण आला तेव्हा पीएफएएस हा आधीच्या माणसाचा सुटलेला विषय होता. २००६ ला ईपीएनं विषारी रसायनांच्या कायद्याखाली माहिती न कळवल्याबद्दल १५ लाख डॉलरहून थोडा जास्त दंड लावला. एवढ्या कंपनीला १५ लाख डॉलर म्हणजे काहीच नाही, बोर्डाच्या मीटिंगमध्ये दोन मिनिटं तरी लागली असतील का कोण जाणे. २०१० ला मिनेसोटा राज्याने दावा लावला, आठ वर्षं चालला, राज्य ५०० कोटी डॉलर मागत होतं, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये खटला उभा राहायच्या तोंडावर ८५ कोटी डॉलरला मिटला. त्या वर्षी जुलैमध्ये रोमन यांनी खुर्ची घेतली.

प्रॉब्लेम नेमका कुठे पेटला

रोमन हे तीसेक वर्षं कंपनीत काढलेले इंजिनियर. आले तेव्हा ८५ कोटी देऊन विषय संपला असं कोणालाही वाटलं असतं. उलट झालं. मिनेसोटाच्या खटल्यातली कागदपत्रं उघडी झाली आणि देशभरच्या वकिलांना आयता मसाला मिळाला. फोममुळे पाणी बिघडलेल्या शहरांचे दावे डिसेंबर २०१८ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनच्या कोर्टात एकत्र केले गेले.

२०१९ ला डिकेटर. कंपनीनं स्वतःच ईपीएला कळवलं की प्लांटमधून काही विशिष्ट पीएफएएस टेनेसी नदीत जात होतं, आणि ईपीएच्या २००९ च्या आदेशात ते नदीत सोडायला मनाई होती. म्हणजे आदेश हातात असताना त्याची अट वर्षानुवर्षं मोडली जात होती. ज्यांनी कारखान्यात काम केलंय त्यांना हे कसं होतं ते लगेच कळेल. आपल्याकडे एमपीसीबीचा, म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा, कन्सेंट (कारखाना चालवायची परवानगी) येतो, त्याच्या मागच्या पानांवर वीस-पंचवीस अटी असतात, ईएचएसवाला त्यातल्या ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया) आणि स्टॅकच्या (चिमणीच्या) अटी पाठ ठेवतो आणि बाकीच्या फाइलमध्ये झोपतात, प्रोडक्शनवाल्याला तर त्या असतात हेही माहीत नसतं. नवीन ग्रेड चालू केला, रेसिपी बदलली, तेव्हा त्या अटी परत कोण वाचतो? डिकेटरला आतून नेमकं असंच झालं की नाही ते मी सांगू शकत नाही, पण बाहेरून दिसणारा आकार हाच आहे. स्वतःहून कळवलं याचं श्रेय द्यायला हवं, मिनेसोटानंतर कंपनीत लोक जुन्या परवानग्या उघडून बघायला लागले होते असं दिसतं.

२०२१ ला बेल्जियम, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अँटवर्पला ऊस्टरवेल नावाच्या रिंग रोडचं आणि बोगद्याचं काम चालू होतं, त्यासाठी खणलेल्या मातीत पीएफओएस निघालं आणि लोकांना कळलं की शेजारच्या झ्वाइनड्रेख्तच्या थ्रीएम प्लांटच्या आसपास सगळ्या मातीत ते आहे. घरच्या कोंबड्यांची अंडी खाऊ नका अशा सूचना निघाल्या. आजूबाजूच्या रहिवाशांच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या. फ्लेमिश (बेल्जियमच्या उत्तर भागाच्या) संसदेनं चौकशी समिती बसवली. ऑक्टोबर २०२१ मध्ये फ्लेमिश पर्यावरण खात्यानं पीएफएएस बाहेर सोडणाऱ्या प्रक्रियांवर बंदी आणली आणि प्लांटचं बरंच उत्पादन थांबलं. गंमत अशी की चिप बनवणाऱ्या कंपन्यांना लागणाऱ्या कूलंटचा जगातला मोठा हिस्सा याच प्लांटमधून जायचा, त्यामुळे तैवान-कोरियापर्यंत धावपळ. अमेरिकेत कोर्टात वर्षानुवर्षं घालवता येतात. इथे एका खात्याच्या एका आदेशानं प्लांट थांबला. लीगल रिस्क आणि कम्प्लायन्स रिस्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे बोर्डाला बहुतेक तेव्हा अंगाला लागून कळलं.

त्यात भरीला कानातले प्लग. थ्रीएमनं २००८ मध्ये एअरो नावाची कंपनी १२० कोटी डॉलरला घेतली होती, ती अमेरिकन सैन्याला इअरप्लग द्यायची. ते नीट बसत नव्हते, ऐकू येणं कमी झालं, कानात आवाज येतात असं म्हणत सैनिकांनी दावे लावले आणि आकडा दोन लाखांच्या पार गेला. याचा पीएफएएसशी काही संबंध नाही, पण पैसा एकाच खिशातून जायचा होता, म्हणून ही केस त्याच्याशिवाय कळत नाही.

पर्याय आणि २६ जुलै २०२२

२०२२ च्या उन्हाळ्यात रोमन आणि बोर्डासमोर काय काय होतं? प्रत्येक खटला लढायचा, हा पहिला रस्ता. इअरप्लगमध्ये तसं करून बघितलं होतं, नमुन्याचे १६ खटले चालले, १० मध्ये सैनिक जिंकले, ६ मध्ये कंपनी. म्हणजे लढून हरण्याची शक्यता जास्त आणि प्रत्येक हरण्याबरोबर पुढच्या तडजोडीचा भाव वर. दुसरा रस्ता सरळ पैसे देऊन मिटवायचं. तिसरा दिवाळखोरीच्या कोर्टाचा, म्हणजे सगळी देणी एका उपकंपनीत ठेवून ती कंपनी दिवाळखोरीत घालायची आणि दावेदारांना तिथल्या टेबलावर बसवायचं. जॉन्सन अँड जॉन्सननं टाल्क पावडरच्या दाव्यांसाठी आधीच्या वर्षी असलंच काहीतरी सुरू केलं होतं. चौथा रस्ता कंपनी फोडायचा, आणि पाचवा फ्लोरिन केमिस्ट्रीतून पूर्ण बाहेर पडण्याचा.

२६ जुलै २०२२ ला कंपनीनं एकाच दिवशी दोन घोषणा केल्या. हेल्थकेअरचा धंदा वेगळी कंपनी म्हणून काढणार, आणि एअरोनं दिवाळखोरीचा अर्ज केलाय, त्यात आम्ही दाव्यांसाठी १०० कोटी डॉलर बाजूला ठेवतोय. एका हातानं चांगला धंदा बाहेर काढायचा आणि दुसऱ्या हातानं देणी वेगळ्या खोलीत ठेवायची, हे बाहेरून कसं दिसलं असेल ते सांगायला नको. दावेदारांचे वकील तर हातात कोलीतच मिळाल्यासारखे तुटून पडले. दोन्ही घोषणांना आपापलं लॉजिक असेलही, पण एकाच सकाळी?

महिन्याभरात, ऑगस्टच्या शेवटी, इंडियानापोलिसच्या दिवाळखोरी न्यायाधीशांनी सांगितलं की एअरोवरचे दावे थांबले म्हणून थ्रीएमवरचे थांबणार नाहीत. शेअर एका दिवसात ९ टक्क्यांच्या आसपास पडला. डिसेंबरमध्ये इअरप्लगचे दावे चालवणाऱ्या फ्लोरिडाच्या न्यायाधीशांनी थ्रीएमला जबाबदारी एअरोवर ढकलायला मनाई केली, आणि शब्दही कडक वापरले. जून २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्जच फेटाळला गेला, कारण एअरो आर्थिकदृष्ट्या ठणठणीत होती. ठणठणीत का होती? कारण थ्रीएमनं तिच्यामागे कसलीही मर्यादा नसलेली हमी उभी केली होती. कोर्टाला आम्ही प्रामाणिक आहोत हे दाखवायला दिलेली हमीच अर्ज बुडवायला कारण ठरली. जवळजवळ एक वर्ष गेलं, वकिलांची फी गेली, आणि हातात आलं काय, तर चिडलेले दोन न्यायाधीश.

काय केलं

दिवाळखोरीचा डाव चालत नाही हे दिसायला लागल्यावर खरे निर्णय झाले असं मला वाटतं, आणि ते पटापट झाले.

बेल्जियममध्ये जुलै २०२२ लाच फ्लेमिश सरकारशी ५७.१ कोटी युरोचा करार झाला होता. २० डिसेंबर २०२२ ला जाहीर केलं की २०२५ च्या अखेरपर्यंत पीएफएएसचं सगळं उत्पादन बंद, आणि स्वतःच्या प्रॉडक्ट्समधला वापरही थांबवायचा प्रयत्न. या वेळी आकडे दिले ते असे: पीएफएएसची वार्षिक विक्री साधारण १३० कोटी डॉलर, त्यावर व्याज-कर-घसारा धरायच्या आधीचा नफा १६ टक्के. कंपनीची एकूण विक्री त्या वर्षी ३,४०० कोटींच्या वर. म्हणजे चार टक्के पण नाही. नफा काढा, वर्षाला एकवीसेक कोटी डॉलर.

आता पुढचा आकडा. जून २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या स्टुअर्ट नावाच्या छोट्या शहराचा नमुना खटला चार्ल्सटनला उभा राहणार होता, त्याच दिवशी सकाळी तो पुढे ढकलला गेला, आणि २२ जूनला तडजोड जाहीर झाली: सार्वजनिक पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थांना १३ वर्षांत १,०३० कोटी डॉलर. एकवीस कोटींनी भागा, पन्नासएक वर्षांचा नफा होतो. अर्थात हा हिशोब थोडा अन्यायाचा आहे, कारण देणं मुख्यतः जुन्या फोमचं आणि जुन्या रसायनांचं, नफा आजच्या मालाचा. पण बोर्डात कोणीतरी हा भागाकार वीस वर्षं आधी करायला हवा होता इतकंच.

२२ राज्यांच्या ॲटर्नी जनरलनी (राज्याच्या मुख्य सरकारी वकिलांनी) सुरुवातीला या तडजोडीला विरोध केला, काही अटी शहरांच्या गळ्यात पडतील म्हणून, मग अटी बदलल्या आणि विरोध मागे घेतला. ऑगस्ट २०२३ ला इअरप्लगचे ६०१ कोटी डॉलर. दोन्हीत कंपनीनं चूक मान्य केलेली नाही, तसं कलमच असतं. मधल्या काळात आधी २,५०० आणि मग ६,००० नोकऱ्या कमी करायची घोषणा, आणि मे २०२३ मध्ये नुकतीच बढती मिळालेल्या एका मोठ्या अधिकाऱ्याला गैरवर्तनासाठी काढून टाकलं. २०२३ चा निव्वळ तोटा ७०० कोटी डॉलरच्या आसपास.

मग २०२४ चा वसंत, आणि इथला क्रम बघण्यासारखा आहे. १२ मार्चला जाहीर झालं की रोमन यांच्या जागी बिल ब्राउन येणार, संरक्षण क्षेत्रातल्या एल-थ्री-हॅरिसचे माजी प्रमुख, म्हणजे परत बाहेरचा माणूस. २९ मार्चला पाण्याच्या तडजोडीला कोर्टाची अंतिम मंजुरी. १ एप्रिलला हेल्थकेअर 'सॉल्व्हेंटम' नावानं वेगळी झाली. १ मेला ब्राउन खुर्चीत. त्याच महिन्यात तिमाही डिविडंड १.५१ डॉलरवरून ०.७० वर. सीएफओ (वित्तप्रमुख) मोनीश पाटोलावाला उन्हाळ्यात कंपनी सोडून गेले आणि सप्टेंबरपासून अनुराग माहेश्वरी आले. सगळा कडू डोस जुन्या माणसाच्या खात्यावर आणि सगळी पाटी कोरी नव्या माणसाला.

निकाल

२६ जुलै २०२४ ला, म्हणजे त्या दोन घोषणांना बरोबर दोन वर्षं झाली त्या दिवशी, ब्राउन यांच्या काळातला पहिला तिमाही निकाल आला आणि शेअर एका दिवसात २३ टक्के चढला. पेपरवाल्यांनी नव्या प्रमुखाचं कौतुक केलं. ब्राउन यांनी डिलिव्हरी वेळेवर, फॅक्टऱ्यांची कार्यक्षमता, तीन वर्षांत हजार नवी प्रॉडक्ट्स अशी भाषा सुरू केली आणि ती योग्यच आहे. पण रोमन यांच्यावर थोडा अन्याय झाला असं माझं मत. दिवाळखोरीचा डाव त्यांच्याच काळातला, ती चूक त्यांच्या नावावर राहणारच. तरी पीएफएएसमधून पूर्ण बाहेर पडायचा निर्णय आधीच्या चौघांपैकी कोणी घेतला नव्हता, तो त्यांनी घेतला.

इअरप्लगच्या तडजोडीत ९९ टक्क्यांहून जास्त दावेदार आले, त्यामुळे तो विषय जवळपास मिटला. पाण्याचं तसं नाही. एप्रिल २०२४ मध्ये ईपीएनं पिण्याच्या पाण्यात पीएफओए आणि पीएफओएसची मर्यादा लिटरला ४ नॅनोग्रॅम ठरवली. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, म्हणजे मोजायलाच महागडं मशीन लागतं आणि काढायला कार्बनचे मोठे फिल्टर, ते वारंवार बदलायचे. पाणीपुरवठा संस्थांचं म्हणणं की तडजोडीचे पैसे पुरणार नाहीत आणि उरलेलं लोकांच्या पाणीपट्टीतून जाणार. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं पीएफओएला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

फोमचं देणं २००० च्या कुठल्याही निर्णयानं टळलं नसतं, तो माल तोवर ओतून झाला होता. त्याचं वळण १९७५ ते ७८ चं. रक्ताचा आणि माकडांचा रिपोर्ट हातात असताना तेव्हाच सरकारला कळवलं असतं तर पुढची वीस वर्षं तो फोम इतक्या ठिकाणी गेला नसता, आणि मुख्य म्हणजे 'माहीत होतं तरी लपवलं' हे वाक्य कोणत्याच ज्युरीपुढे आलं नसतं. अमेरिकन खटल्यात नुकसानीचा आकडा रसायनामुळे जेवढा वाढतो त्याहून जास्त त्या वाक्यामुळे वाढतो.

२००० ला मात्र टाळता येण्यासारखं बरंच होतं. झ्वाइनड्रेख्तची माती, डिकेटरची नदी. उत्पादन बंद करताना त्याच प्लांटच्या कुंपणाबाहेरची माती, भूजल, डंपिंगच्या जागा तपासून साफसफाईचा खर्च तेव्हाच हिशोबात धरला असता तर २ टक्क्यांचा धंदा हा आकडा बोर्डाला वेगळाच दिसला असता. पुढच्या प्रत्येक प्रमुखाला हा विषय 'लीगसी' म्हणून मिळाला आणि लीगसी म्हटलं की तो लीगलकडे जातो, लीगलचं काम बचाव करणं. प्लांटमध्ये आज काय सुटतंय हे बघणारा माणूस आणि जुन्या दाव्यांचा बचाव करणारा माणूस एकाच टेबलावर बसायला हवेत, कारण वकिलाला कोर्टात जे सांगायचंय ते ईएचएसवाल्याच्या सॅम्पलिंगवर टिकणार किंवा पडणार.

डिकेटरवरून एक अगदी साधी गोष्ट. परवानगीतली प्रत्येक अट, तिचा मालक कोण, आणि प्रोसेस बदलली की ती अट परत कोण वाचणार, याचा रजिस्टर ठेवणं. यात काही बुद्धिमत्ता लागत नाही, कंटाळा मात्र भरपूर येतो, म्हणूनच होत नाही. आणि त्याची सही प्लांट हेडची हवी, ईएचएसची नको, कारण लाइन थांबवायचा अधिकार त्याच्याकडे असतो.

दिवाळखोरीबद्दल लोक म्हणतात डाव म्हणून वाईट नव्हता, नशीब वाईट. मला पटत नाही. नफ्यात चालणारी कंपनी आणि मागे अमर्याद हमी असताना कोर्ट काय म्हणेल याचा अंदाज बाहेरच्या कुठल्याही निवृत्त न्यायाधीशानं दिला असता. ६०१ कोटी शेवटी दिलेच, १०० कोटींनी सुरुवात करून.

पूर्ण बाहेर पडण्याच्या निर्णयालाही एक बाजू आहे जी फारशी बोलली जात नाही. एक कंपनी बाहेर पडली म्हणून मागणी संपत नाही, माल दुसरीकडे बनतो. इटलीतल्या व्हिचेन्झाजवळ मितेनी नावाचा प्लांट होता, थ्रीएमचा नाही, पण माल याच कुळातला. त्यानं साडेतीन लाख लोकांच्या परिसरातलं पाणी बिघडवलं, २०१८ ला कंपनी बुडाली, आणि जून २०२५ मध्ये तिथल्या कोर्टानं ११ जणांना शिक्षा सुनावल्या. त्या प्लांटची यंत्रं लिलावात आपल्याकडच्या एका केमिकल कंपनीच्या उपकंपनीनं घेतली आणि ती आली खेड तालुक्यात, लोटे परशुरामला. यंत्र विकत घेण्यात बेकायदा काही नाही आणि तिथे काही बिघडलंय असं मी म्हणत नाहीये. पण आपल्या पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात पीएफएएसची मर्यादाच नाही, त्यामुळे वाशिष्ठी खोऱ्यातल्या माणसानं विचारलं की आमच्या पाण्यात आज किती आहे, उद्या वाढलं तर कसं कळणार, तर त्याला दाखवायला मापच नाही. झ्वाइनड्रेख्तला निदान रस्ता खणताना कोणीतरी माती तपासली. लोटेत विहिरींचं आणि खाडीचं एकदा बेसलाइन सॅम्पलिंग करून ठेवायला फार पैसे लागत नाहीत, चांगली लॅब लागते फक्त, आणि ते कंपनीच्याही फायद्याचं आहे, उद्या कोणी बोट दाखवलं तर आधी किती होतं ते दाखवता येईल.

अजून उघडं काय आहे

पाण्याची तडजोड ही पाणीपुरवठा संस्थांची होती. कॅन्सर, थायरॉईड असे वैयक्तिक आजारांचे दावे त्यात नाहीत, ते चार्ल्सटनलाच पडून आहेत. राज्यांचे दावेही वेगळे. मे २०२५ मध्ये न्यू जर्सीशी २५ वर्षांत ४५ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली, तशी आणखी राज्यं रांगेत आहेत. सॉल्व्हेंटम वेगळी झाली तरी जुन्या पीएफएएसची जवळजवळ सगळी जबाबदारी थ्रीएमकडेच राहिली. पाणीपुरवठ्याचे हप्ते २०३६ पर्यंत चालतील, तोवर खुर्चीत आणखी एखादा नवा माणूस आलेला असेल.